फाटकाजवळची खोली

चुडामण आबांचा कोणावरच विश्वास नव्हता, आणि या गुणाचा त्यांना उमेदीची सगळी वर्षं पगार मिळाला.

धुळ्यात पांझरेच्या काठाला कापसातली सरकी काढायचं एक जीन होतं. आबा तिथे फाटकावर पहारेकरी. काम सुटलं की एकेकाचा डबा उघडून बघायचा, गाठोडं दाबून बघायचं, हे त्यांचं काम. कोणी म्हशीसाठी डब्यात सरकी भरून न्यायचा, कोणी धोतरात रुई खोचायचा. आबांनी सख्ख्या साडूलाही सोडलं नाही. साडूने बोलणं टाकलं ते मरेपर्यंत, पण आबांना त्याचं काडीचं वाईट वाटलं नाही.

मग जीन बंद पडलं. यंत्रं भंगारात गेली, मालकांची पोरं मुंबईला गेली. आबा फाटकाजवळच्या खोलीतच राहिले, कारण त्यांना जा म्हणायला कोणी उरलंच नव्हतं. पोटी मूलबाळ नाही, बायको याच खोलीत गेली. सोनगीरला पुतण्या प्रेमराज आणि त्याची भाऊबंदकी, एवढाच काय तो गोतावळा. ती एक खोली सोडली तर आबांचं म्हणावं असं या जगात काही नव्हतं.

आणि अशात मोनाली आली. हिची आई एरंडोलची, पण ही वाढली पुण्यात. मालकांच्या पोरांकडून तिने सगळं आवार भाड्याने घेतलं. रुईच्या गोदामात मातीची भांडी करणारे येऊन बसले, कापसाच्या गासड्या बांधायच्या दालनात नाटकाच्या तालमी सुरू झाल्या, आणि नदीकडच्या ओट्यावर कॉफीचं दुकान निघालं. बाहेर पाटी लागली, ‘पांझराकाठ’. गाव बघायला लोटू लागलं. आबांना मात्र यात काळंबेरं दिसत होतं. नदीकडच्या भिंतीवर कोणी कापूस वेचणाऱ्या बाईचा भलामोठा चेहरा रंगवला, तर त्याचे डोळे आपल्याच खोलीकडे का, हा आबांना प्रश्न. धडधाकट माणसं दिवसभर चिखल कालवतात आणि त्यातून चार वाट्या काढतात, तर पोट कशावर भरतं यांचं? नक्कीच जागेवर डोळा असणार, बाकी सगळं दाखवायचं.

पावसाळ्यात मोनाली टेप घेऊन आली आणि खोली मोजू लागली. आता ही खोली पाडणार, हे आबांनी ओळखलं. तिने मात्र अगदी आर्जवाने सांगितलं की खोली पाडायची नाही. उलट आहे तशीच ठेवायची, बाजेसकट, चुलीसकट, खुंटीवरच्या कोटासकट. लोकांना पहारेकऱ्याची खोली बघायला मिळावी. आबांसाठी देवपुरात दुसरी चांगली खोली बघितली होती, भाडं तीच देणार होती. दिवसा हवं तर आबांनी इथे येऊन बसावं.

आबा थक्कच झाले. खोली पाडतील, कुलूप लावतील, सामान बाहेर फेकतील, सगळ्या शंका त्यांनी काढून ठेवल्या होत्या. आपली बाज, आपली चूल जपून ठेवतील आणि तेवढं आपल्याला बाहेर काढतील, ही शंका काही त्यांना सुचली नव्हती. उद्घाटन कधी, एवढंच त्यांनी विचारलं. मोनालीने श्रावणातला एक रविवार सांगितला. आबांनी मान डोलावली.

तो रविवार कानबाईचा होता. नागपंचमीनंतरच्या त्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाई देवी बसते आणि सोमवारी विसर्जनाला नदीवर जाते. सुतार, गवंडी, झाडूवाल्या, सगळ्यांना ठाऊक होतं की त्या दिवशी गावातलं चिटपाखरू येणार नाही. पण त्यांना कोणी विचारलं नाही आणि त्यांनीही आपणहून सांगितलं नाही.

आबांनी सोनगीरला निरोप धाडला. दरवर्षी कानबाई प्रेमराजकडे बसायची, यंदा आबांच्या खोलीत बसणार. अख्खी भाऊबंदकी टेम्पोत बसून आली. प्रेमराजच्या बायकोने, दिपमालाने, खोली सारवली, चूल पेटवली, कानबाईच्या नारळाला नथ घातली, फुलांची चौकट उभी केली. मोनाली धावत आली आणि दारातच थबकली.

“आते कानबाई बसनी शे, पोरी,” आबा म्हणाले. “तिले उठाडानी कोन्ही हिंमत शे का?”

गावातलं कोणी आलं नाही, पण पुण्या-नाशिकचे पाहुणे आले आणि सगळे खोलीशीच खिळले. धूर, गाणी, पुरणाचा वास. फोन वर धरून जो तो आत डोकावत होता. एका बाईंनी प्रसादाच्या रोटाचा तुकडा मागितला. दिपमाला ओशाळली, कारण कानबाईचे रोट भाऊबंदकीबाहेर देत नाहीत. आबांनी सरळ नाही म्हणून सांगितलं. बाई आणखीच खूश झाल्या.

सोमवारी कानबाई पांझरेत शिरवून, पाटावर नदीची वाळू घेऊन आबा परतले, तर मोनाली दारात उभी. आबा भांडायच्या तयारीने आले होते. ती म्हणाली, “आबा, माझं चुकलं. तुम्ही इथेच राहा, कायमचं. फक्त दिवसा दार उघडं ठेवा.”

आबांनी ते बोलणं सगळ्या बाजूंनी चाचपून पाहिलं. कागद? नाही. अंगठा? नाही. भाडं? तेही नाही. कुठेच काही सापडेना, तेव्हा ते हो म्हणाले. त्या रात्री त्यांना लहान पोरासारखी झोप लागली. जिंकल्याचा आनंद त्यांना झाला, आणि तो अगदी खरा होता.

दुसऱ्या दिवशी भाऊबंदकी गेली. पौर्णिमेच्या आत संपवायचे म्हणून उरलेले रोट दिपमालाने झाकून ठेवले होते. दुपारी भूक लागली तसे आबांनी रोट, दूध आणि गूळ पुढ्यात घेतलं. दारात माणसं उभी होती. कोणी हळू आवाजात पोराला दाखवत होतं, बघ, आता जेवणार आहेत. परक्यांच्या नजरेसमोर कानबाईचा रोट कसा खायचा? आबा उठले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

थोड्या वेळाने टकटक झाली. मोनालीच होती, आणि आवाज नेहमीसारखाच गोड.

“आबा, दार उघडं ठेवायचं ठरलं होतं ना? माणसं लांबून आलीत.”

आबांना संताप आला, आणि संतापापेक्षा लाज जास्त वाटली. प्रत्येक गाठोडं दाबून बघणाऱ्या माणसाला तोंडावर सांगितलेली गोष्ट दिसली नव्हती. जायचं म्हटलं तर कुठे जायचं? त्यांनी रोट टोपलीखाली झाकला, कडी काढली, आणि संध्याकाळी माणसं पांगेपर्यंत बाजेवर उपाशी बसून राहिले.