उष्टं सारण

माझ्या सासूबाईंशी माझं पंधरा वर्षं पटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, बघा, काय गुणाची सून! गुणाची बिणाची काही नाही. मी सांगलीत वाढलेली, तोंडाने फटकळ. आणि आमच्या आत्याबाई, म्हणजे याच सासूबाई, मनुबाई, विट्याजवळच्या आमच्या गावात जिच्या फराळाला नाव ठेवायची कुणाची टाप नाही अशी बाई. लाटायला मी, भरायला मी, मुरड घालायला मी. पण कढईपुढचा पाट त्यांचा. तिथे मला त्यांनी एकदासुद्धा बसू दिलं नव्हतं.

आमच्या भागातली कितीतरी माणसं गलाईवाली, परमुलखात सोनं गाळायची दुकानं घालून बसलेली. माझा नवरा तानाजी केरळात, त्रिशूरला. दिवाळी म्हणजे त्याचा ऐन हंगाम, त्यामुळे तो काही घरी येत नाही. घरची दिवाळीच त्याच्याकडे जाते. वसुबारसेच्या आधी पत्र्याचे दोन डबे ट्रॅव्हल्सच्या गाडीत चढवायचे. लक्ष्मीपूजनाला दुकानातल्या लक्ष्मीपुढे आत्याबाईंच्या करंज्या ठेवतात आणि मग गल्लीतल्या सगळ्या आपल्या माणसांत वाटतात. "काकी, औंदा डबा कवा येनार?" म्हणून तिथल्या पोरांचे मला फोन दसऱ्यापासूनच सुरू होतात.

आता या फराळाचा एक नियम आहे. देवापुढे जायच्या आधी चाखायचं नाही. बोटभरसुद्धा नाही. जीभ लागली की ते उष्टं, मग ते गाईच्या पाटीत.

"आणि मीठच कमी पडलं तर?" लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत मी विचारलं होतं.

"हाताला कळतंय न्हवं," त्या म्हणाल्या.

मला तेव्हा राग आला होता. पण खरं ते खरं. मूठ मिठाची, ती कधी चुकली नाही. चकली तळताना त्या कढईकडे बघतसुद्धा नाहीत, नुसत्या ऐकतात. चुरचुर थांबली की झारा घालतात. अनारशाच्या पिठाला बोट लावून सांगतात, आज नको, उद्या. लाडवाचा पाक दोन बोटांत धरून तार बघतात आणि हूं म्हणतात. त्या हूंनंतर लाडू बसला, असं मी तरी पाहिलेलं नाही. भांडायची ती भांडले, पण हाताला मानलं बाई.

तर गेल्या वर्षीची गोष्ट. करंज्यांचा दिवस. खोबऱ्याच्या वाट्या दरवर्षी आत्याबाई स्वतः बाजारातून निवडून आणायच्या. गेल्या वर्षी गुडघा धरला म्हणून माझी जाऊ सोनम तयार किसाची पिशवी घेऊन आली. तो कीस आत्याबाईंनी भल्या पहाटे एकट्यानेच भाजला. आम्ही उठून येईपर्यंत साखर, खसखस, वेलदोडा घालून परातभर सारण तयार. दोन चुलत नणंदा मदतीला आलेल्या, सोनम लाटायला बसलेली. मी भरायला म्हणून परात जवळ ओढली आणि माझं नाक एकदम जागं झालं. वेलदोड्याच्या मागून खवट वास. जुन्या, खराब खोबऱ्याचा.

मी आत्याबाईंकडे बघितलं. ही तीच बाई, जिने एकदा दारात आलेल्या दुकानदाराचं खोबरं उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं. "वास मारतंय, उचल," एवढंच म्हणाली होती. आणि आता तीच बाई त्या सारणात कोपरापर्यंत हात घालून निवांत बसलेली.

मग एकेक आठवायला लागलं. कोरोनाच्या तापातून उठल्यापासून जेवणं झाली की माझ्या लेकीला, सईला, हळूच विचारायच्या, "कालवन कसं झाल्तं गं?" एकदा त्यांच्या शेजारीच चुलीवर दूध करपलं तरी त्या शेंगा निवडत बसलेल्या. आम्ही म्हणालो, वय झालं, लक्ष नसतं. लक्ष कसलं नसतंय! वासच येत नव्हता, चवच लागत नव्हती. देवाच्या आधी चाखायचं नाही, या नियमाआड सगळं झाकून गेलं होतं.

एरवी मी तिथल्या तिथे बोलून टाकलं असतं. पण चार बायांत बोलले असते तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. मनुबाईला आता चव कळत न्हाई म्हणं. आणि दुसऱ्या दिवसापासून कढईपुढचा पाट माझा. खोटं कशाला सांगू, क्षणभर मनात आलंच. पंधरा वर्षं वाट बघितली होती मी त्या पाटाची. पण कढईपुढून उठवली तर ही बाई दिवसभर करेल काय? ओसरीवर माळ ओढत बसेल? माझ्याच्यानं ते बघवलं नसतं. आणि खवट करंज्या लक्ष्मीपुढे जाऊन चालणार नव्हतं.

मी परातीतनं चिमूटभर सारण उचललं आणि सगळ्यांदेखत तोंडात टाकलं.

"अगं बया!" सोनमच्या हातातलं लाटणंच थांबलं. "अक्का, आवं काय केलंसा ह्ये!"

नणंदांनी कपाळाला हात लावले. आणि आत्याबाई? काय तोंड सुटलं म्हणता! "पंधरा वर्सं झाली या घरात तुला! शेन खातीस का काय? आता दिवसभर उपसा सगळा, तुज्या एका जिभंपायी!" मी मान खाली घातली. जन्मात पहिल्यांदा उलट बोलले नाही. परात उचलली आणि गोठ्यात नेऊन रिकामी केली. मग गाडी काढून विट्याला गेले, वास घेऊन घेऊन नव्या वाट्या आणल्या, बसून किसल्या. बोटं सोलली. करंज्या झाल्या, देवाला दाखवल्या, डबे गाडीत चढले.

दिवे लावायच्या सुमारास मी मागच्या दारी परात घासत होते. आत्याबाई येऊन पायरीवर बसल्या.

"खवाट व्हतं?" त्यांनी विचारलं.

"व्हय," मी म्हणाले.

"तू कवा उलटं बोलली न्हाईस असं झालं न्हवतं. तवाच वळीकलं म्या." त्यांनी पदर डोळ्याला लावला. "तापानं समदं न्हेलं, रेश्मे. गूळ खाल्ला काय आन माती खाल्ली काय. भ्या वाटायचं, तुमी उठिवशिला."

"उठवतंय कोण! चार वर्षं चव नसताना तुम्ही हा फराळ केलात? गावाला पत्ता नाही? अहो, मला जीभ असून जमत नाही!" मी रडत होते का ओरडत होते, मलाच कळेना. एवढं कौतुक त्यांचं मी पंधरा वर्षांत तोंडाने केलं नव्हतं.

यावर आम्ही परत कधी बोललो नाही. मी कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. भांडणं मात्र नेमाने चालू राहिली.

यंदाच्या करंज्यांना पुन्हा त्याच बाया जमल्या. सारण झालं. आत्याबाईंनी चिमूट उचलली आणि हात सरळ माझ्या तोंडापुढे धरला.

"आत्याबाई, आवं निवदाचं हाय!" सोनम ओरडली.

"ठावं हाय. देवाला सांगितलंय म्या." मग सगळ्यांकडे एकदा बघून त्या म्हणाल्या, "पाच वर्सं झाली, मला चव लागत न्हाई. गेल्या साली हिनं माज्यापायी शिव्या खाल्ल्या. आता हिची जीभ ती माजी जीभ. त्यात उष्टं कसलं?"

लाटणी थांबली. मी तोंड उघडलं आणि ती चिमूट जिभेवर घेतली.

"बोल की गं. कसं झालंय?"

सारण लय भारी झालं होतं, एवढीशी कसर सोडली तर. पण त्यांना खरं हवं होतं.

"वेलदोडा कमी हाय," मी म्हणाले.

सोनमने डोळे मोठे केले. आत्याबाईंनी मुकाट्याने वेलदोड्याची डबी ओढली, वरून चिमूटभर पूड घातली, सारण हलवलं आणि पुन्हा हात माझ्या तोंडापुढे धरला.