झोपलेली किडनी

जेवून चटईवर पडले आहे. डोळा लागतोय, लागत नाही. कुकरची शिट्टी शेजारी होतेय की आमच्याच घरात, कळेनासं होतं, आणि आमचे हे समोर दिसतात. आपल्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात, तांब्याची तार गुंडाळत बसलेत.

"अहो, तुम्ही तर गेलात ना?"

"म्हणतात खरं तसं. पण शालन, मला हुडहुडी भरलीय. कुठून येतेय गं ही थंडी?"

सांगू कसं? हे गाडीवरून पडले आणि मेंदू मृत झाला, तेव्हा अवयवदानाला मीच हो म्हटलं. एक किडनी लातूरहून नागपूरला जायची होती. पुरानं रस्ते बंद झाले. नुसत्या बर्फात ती इतका वेळ टिकली नसती, डॉक्टर म्हणाले. पण ती ज्या पेटीतून नेली, त्या पेटीतलं यंत्र किडनीतून गार औषधी पाणी फिरवत राहिलं, म्हणून दुसऱ्या दिवशी पोचूनही ती बसवता आली. तेव्हापासून मात्र निपचित आहे. "झोपलीय, उठेल," एवढंच सांगतात.

"तुम्ही पेटीत आहात," मी म्हणते.

"मग इथं कोण बसलंय?"

मलाही उमगत नाही. आता दुकान नाही, दवाखान्याचा व्हरांडा आहे. पुराचं पाणी पायऱ्यांना लागलंय. आमच्या दोघांच्या मधे पेटी घरघरतेय. हे तिला कान लावतात.

"मोटर बरी चाललीय. आत कोण आहे?"

"तुम्हीच."

"मग उठव की मला!"

मी झाकण काढून कोपरापर्यंत हात घालते. गार पाण्यात काहीतरी मऊ लागतं. "अहो, उठा ना. त्या घरची माणसं वाट बघताहेत."

"कुठल्या घरची?"

"नाव सांगत नाहीत मला."

"परक्याच्या घरी असं झोपून राहणं बरं दिसत नाही," हे पुटपुटतात आणि उठून पायऱ्या उतरू लागतात.

"चहा तरी घ्या! अहो, नक्की कुठे निघालात?"

"आई, फोन!" माझी लेक प्रणिता मला हलवतेय. फोनवर अवयवदानाचं बघणाऱ्या बाई आहेत. "किडनी सुरू झाली हो! पेशंटला लघवी व्हायला लागली."

"बरं, बरं," मी म्हणत राहते. रडू येतंय, पण कोणासाठी तेच समजत नाही.

प्रणिता माझ्या हातून फोन घेते आणि दचकते.

"आई, किती गार हात! धुणं धूत होतीस का?"

मी बघते. बोटं पांढरीफटक पडलीत, फार वेळ पाण्यात राहिल्यासारखी सुरकुतलीत.