पाणचक्कीवरचं दळण

अमेरिकेत माझ्याकडे अल्फारेटाला आल्यापासून आईची भाकरी थापतानाच फाटत होती. जुन्या पिठाची विरी जाते, पीठ धरून राहत नाही, असं मी दुकानातल्या पाकिटाकडे बोट दाखवून सांगितलं. पण आपला दोष पिठावर ढकलणाऱ्यातली आई नव्हे. "हात गेला माझा," ती म्हणाली, आणि तिसऱ्याच आठवड्यात तिने परतीचं तिकीट अलीकडचं करायला सांगितलं. मला वाईट वाटलं आणि रागही आला. भाकरीपायी कुणी लेकाला सोडून जातं?

"मंडेला चेंज करतो," म्हणालो. शनिवारी मात्र पाच पौंड ज्वारी घेऊन तिला तासाभरावरच्या जुन्या पाणचक्कीवर नेलं. वाटेत तिने सगळी ज्वारी मांडीवर निवडली. खडा एकही निघाला नाही.

चक्की चालवणारे म्हातारे गृहस्थ हौशी होते. ते सांगू लागले, ही चक्की बांधणारा माणूस बैलगाडीतून दळायचे दोन दगड घेऊन या रानात आला. आधी ओढ्यावर चक्की उभी केली, आणि दोन हिवाळे बायकापोरांसह मक्याच्या पोत्यांवर झोपला. घर त्यानंतर. मी हे मराठीत सांगितलं, तर आई म्हणाली, "माणूस शहाणा. पण बायकोचं बरंच ऐकून घेतलं असेल त्यानं."

मग तिने गिरणीत जन्मभर विचारलेला प्रश्न विचारला. "आमच्याआधी काय दळलं?"

मका दळला होता. "मग पहिलं पीठ बाजूला काढा म्हणावं." मला संकोच वाटला, तरी सांगितलं. म्हातारबाबा हसले. पहिलं पीठ काढायला त्यांनी आधीच वाडगा धरला होता.

पिवळं पीठ गेलं, पांढरं आलं. दोघांनीही ते अंगठ्याने बोटावर चोळून पाहिलं. आईने मान हलवली. त्यांनी दगड जरा जवळ आणले. पुन्हा चोळलं. आता आईची मान वेगळी हलली.

घरी आल्या आल्या तिने आधण ठेवलं. भाकरी परातभर थापली गेली, कडेलासुद्धा चिरली नाही, आणि आचेवर टम्म फुगली. आईने आपले पिठाचे तळवे उलटसुलट करून पाहिले. "पीठच जुनं होतं रे," ती मला समजावून सांगू लागली. मी निमूटपणे ऐकून घेतलं. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

"तिकिटाचं काय करू?"

"हे दळण संपेपर्यंत राहते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी आणखी वीस पौंड ज्वारी आणून ठेवली.