खेळात ‘मी’ म्हणायचं नाही

“मी चौकीदाराला बांधतो, चावी घेतो आणि दार उघडतो,” सुशांत म्हणाला, आणि दारातला शिपाई काठी सरसावत आत आला.

जागा म्हणजे आमच्या जिल्ह्यातल्या एका जेलची वाचनखोली. मी तिथे समुपदेशक. कैद्यांना बोलतं करणं हे माझं काम. निदान पगार तरी त्याचाच मिळतो. सुशांत डोंबिवलीचा, कॉम्प्युटरवाला, ऑनलाइन फसवणुकीच्या केसमध्ये आत आलेला. कॉलेजात तो रोल-प्लेइंग गेम खेळायचा. इथे सगळ्यांना शिकवतो म्हणून माझ्या मागेच लागला होता. खेळ सुरू होतो न होतो तोच आमची वरात जेलरसाहेबांसमोर.

“मॅडम, तुमच्यादेखत हे पळून जायचा प्लॅन करतायत?”

“गोष्ट आहे साहेब ती. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं. सुशांत गोष्ट सांगतो, मध्येच अडचण उभी करतो आणि एकेकाला विचारतो, आता तू काय करणार? ते ज्याने त्याने बोलायचं. जमलं की फसलं, हे चिठ्ठी काढून ठरतं.”

बाहेर चिठ्ठीऐवजी फासे असतात. पण जेलमध्ये फासे म्हणजे जुगार.

साहेबांनी जरा विचार केला. “खेळा. पण ‘मी’ म्हणायचं नाही. पात्राचं नाव घ्यायचं. उद्या कोणी भलतंच ऐकलं तर नोकरी माझी जाईल.”

कैद्यांना हे लगेच पटलं. सगळे अंडरट्रायल, म्हणजे खटला अजून चालू असलेले. ‘मी अमुक केलं’ असं वाक्य तोंडातून काढायची त्यांना तशीही धास्ती होती.

या गटात दीपक होता. कोपरचा मुलगा, मानपाड्याला एका कंपनीत पॅकिंगला. मारामारीच्या केसमध्ये नाव आलेलं. जामीन सहज मिळावा अशी केस, पण तो मागायला वकील हवा. मोठ्या भावाने दिलेला वकील एकाही तारखेला उगवत नव्हता. आणि खासगी वकील असल्याची नोंद असेपर्यंत कोर्टाकडून मोफत वकील मिळेना. ‘हा नको, दुसरा द्या’ एवढं दीपकने स्वतः सांगितलं असतं तरी काम झालं असतं. पण त्याच्यापुढे मी हात टेकले होते.

“दादाने दिलाय वकील,” तो खाली बघत म्हणायचा. “मी कसा नको म्हणू? दादा परत माझं तोंड नाय बघणार.”

दादा तर जेलमध्ये भेटायलाही येईनासा झाला होता. मला दोघांचीही चीड यायची.

खेळात दीपक झाला हिरा तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख. गोष्ट खाडीत बुडालेल्या एका गावाची होती. सुरुवातीला नंबर आला की तो नुसती मान हलवायचा. मग एका दुपारी सुशांतने होडीला भोक पाडलं. बाकीचे चूक कोणाची यावर भांडत बसले.

“ए, तांडेल म्हणतो गप बसा सगळे!” दीपक ओरडला. “आधी पाणी उपसा! भांडायचं ते किनाऱ्यावर!”

आम्ही बघतच राहिलो. त्यानंतर तांडेल काही आवरेना. बुडालेल्या गावातल्या भुतांनाही तो होडीत बसायचं भाडं सांगायचा. मी पोट धरून हसायचे आणि वाटायचं, हा एवढा मुलगा इतके दिवस कुठे होता?

पुढची तारीख व्हीसीवर होती. व्हीसी म्हणजे आरोपीला कोर्टात न नेता जेलमधल्या स्क्रीनसमोर उभं करायचं. मी मुद्दाम खोलीत जाऊन थांबले. स्क्रीनवरचा क्लार्क नेहमीच्या सुरात म्हणाला, “आरोपी हजर, वकील गैरहजर. पुढची...”

“थांबा,” दीपक म्हणाला. “तांडेल बोलतो.”

शिपायाने कपाळाला हात लावला. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी मान वर केली. “कोण तांडेल? तुमचं नाव दीपक ना?”

“हो साहेब. तांडेल म्हणतो, दीपकचा वकील एकदा पण आला नाय. दीपक घाबरतो म्हणून बोलत नाय. त्याला तो वकील नको. कोर्टाकडून फुकट मिळतो तो द्या.”

साहेबांनी समोरची फाइल चाळली.

“बरं,” साहेब म्हणाले. “आणि दीपकचं काय म्हणणं आहे?”

दीपक स्क्रीनच्या आणखी जवळ सरकला. “दीपकचं पण तेच आहे, साहेब.”

त्याच दिवशी वकील बदलून देण्याची ऑर्डर झाली. नव्या वकीलबाईंनी अर्ज केला आणि जामीन झाला. तो सुटला त्या संध्याकाळी मी त्याच्या मागोमागच घरी निघाले होते. गेटबाहेर दादा उभा होता, खोपटच्या एसटी डेपोतून थेट आलेला, हाताला अजून ग्रीस.

“वकील मला दर वेळी सांगायचा, काम चालू आहे,” दादा चिडून म्हणाला. “तू का नाय बोललास मला?”

दीपकने माझ्याकडे बघितलं. “तांडेल...”

“कोण तांडेल रे?”

दीपक दादाकडे वळला. “मी घाबरलेलो, दादा. वकील येतच नव्हता. आणि तू पण येत नव्हतास.”

दादाने दीपकच्या हातातली पिशवी घेतली आणि त्याच्या खांद्यावर हात टाकला. माझे डोळे भरून आले, ते मी रस्ता ओलांडायच्या निमित्ताने लपवले.

वकील कोर्टाने दिला, जामीनही कोर्टाने दिला. घरच्या माणसाशी मात्र ज्याचं त्यालाच बोलावं लागतं, आणि तिथे ‘मी’ म्हटल्याशिवाय भागत नाही.