हिरव्या थेंबांचं घर

नोएल ट्रेसिडरचं मोटारघर आमच्या गाड्यांच्या तळावर यायचं तेव्हा ते दिसण्याआधी उकळत्या पाण्याचा वास यायचा. त्याचा रेडिएटर गळका होता. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर आम्ही निवृत्त माणसं हिवाळाभर गाड्या घेऊन फिरतो. संध्याकाळी खुर्च्या बाहेर मांडून गप्पा मारत बसतो. तिथे नोएलच्या रेडिएटरचा विषय निघाल्याशिवाय राहत नसे.

"अरे, नवा बसव की आता! किती दिवस मलमपट्टी करणार?" शेजारच्या गाडीतला क्लेम विचारायचा.

"तुझ्या गुडघ्यांपेक्षा बरा आहे तो. निदान चढावर कुरकुरत नाही."

नोएल जन्मभर बेकरीत पाव भाजत आला. त्याची बायको मर्ल गल्ल्यावर बसायची. गिऱ्हाइकांची तोंडं, त्यांच्या पोरांची नावं, कुणाला कुठला पाव लागतो, सगळं तिला पाठ. बेकरी विकून त्यांनी हे जुनं मोटारघर घेतलं, आणि दोनच हिवाळ्यांनंतर मर्ल विसरू लागली. आधी नावं, मग रस्ते, मग स्वतःची मुलगी.

गाडी मात्र ती विसरली नाही. मुक्कामाला थांबलं की ती बेकरीतला जुना पत्र्याचा ट्रे इंजिनाखाली सरकवायची. सकाळी वाकून पाहायची. ट्रेमध्ये रेडिएटरचं हिरवं पाणी साचलेलं दिसलं की तिचा चेहरा निवळायचा.

"गळतंय," ती म्हणायची. "म्हणजे घरीच आहोत."

आता नोएल गाडी दुरुस्तीला का टाकत नव्हता, हे कळेल. रेडिएटर काढायचा म्हणजे आठवडाभर गाडी गॅरेजात आणि ही दोघं लॉजच्या खोलीत. एकदा तसं केलं होतं. मर्ल रात्रभर दार ओरबाडत रडली होती. मुलगी फोनवर एकच म्हणायची, "बाबा, आईला सांभाळणाऱ्या संस्थेत ठेवा." नोएल म्हणायचा, "गाडी चालतेय तोवर ती माझ्याजवळ राहील."

म्हणून त्याने इकडच्या म्हाताऱ्यांचा जुना उपाय धरला. रेडिएटरमध्ये मिरपूड टाकायची. तिचे कण भोकात जाऊन बसतात आणि गळती मंदावते. एकदा टाकली तर ठीक. नोएल दर मुक्कामी टाकत राहिला, वर अंड्याचा पांढरा बलकही ओतला.

"रेडिएटर आहे की आमटी?" क्लेम हसला होता. आम्ही सगळेच हसलो होतो.

त्या गाळाने नळ्या तुंबल्या. माळरानावर, सावलीला झाडसुद्धा नाही अशा जागी इंजिन उकळून बंद पडलं. नोएल दोन सीटांच्या मधलं इंजिनाचं झाकण उघडून आत डोकं खुपसून बसला. त्याने मान वर काढली तेव्हा मर्लची सीट रिकामी होती.

संध्याकाळी एका ट्रकवाल्याला ती खुरट्या झुडपांत सापडली. पायांत चप्पल नव्हती, ओठ फुटले होते. रिकामा पाण्याचा कॅन छातीशी धरलेला. रेडिएटरसाठी पाणी आणायला निघाली होती.

इस्पितळात ती सावरली, पण डॉक्टरीणबाई तिला सोडेनात. "अशा भरवशाच्या नसलेल्या गाडीत नाही, नोएल. गाडी नीट करून आणा. मग त्या आपणहून चढल्या तर न्या."

त्याने नवा रेडिएटर बसवला. गाडी धुतली, पडदे इस्त्री केले. रविवारी ती इस्पितळाच्या दाराशी आणली. मी आणि क्लेम सोबत होतो. नर्सबरोबर मर्ल आली. गाडीभोवती फिरली, मग गुडघे टेकून खाली पाहिलं. फरशी कोरडी होती.

"ही आमची नाही," ती म्हणाली, आणि आत जायला वळली.

"मर्ल, आपलीच आहे गं. बघ, तुझी चादर. तुझा कप."

"सुंदर आहे. ज्यांची असेल त्यांना लखलाभ."

 नोएल गाडीखाली सरपटला आणि नव्या रेडिएटरची खालची तोटी त्याने किंचित सैल केली. टप्. फरशीवर हिरवा थेंब पडला. मग दुसरा.

"अरे, नवाकोरा आहे तो!" क्लेम बोलून गेला. मी त्याचा दंड दाबला.

मर्ल थांबली. परत आली. त्या थेंबाखाली तिने ओंजळ धरली, आणि कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं असं हसली.

"गळतंय!" ती म्हणाली. "ही आमचीच."

नोएल गाडीखालून बाहेर आला. कोपर खरचटलेलं, शर्टाला माती. त्याने तिच्यासाठी दार उघडलं. "चल, बस. निघू या."

तिने त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. गल्ल्यावर अनोळखी गिऱ्हाइकाकडे पाहायची तशी, अदबीने.

"तुम्ही भले गृहस्थ दिसता," ती म्हणाली. "पण मी परक्या माणसाबरोबर नाही यायची. माझ्या नोएलला निरोप द्याल? म्हणावं, गाडी गळतेय. त्याला बरोबर जमतं ते."

"देतो," नोएल म्हणाला.

"मी इथेच वाट बघते."

नर्सने तिला हात पुसायला रुमाल दिला आणि आत नेलं. नोएलने मग ट्रे काढला, थेंबांखाली सरकवला, आणि पायरीवर बसून राहिला. तोटी त्याने घट्ट केली नाही.