सोळा डोळ्यांचा कॅमेरा

सत्तरच्या दशकात मी सोलापूरच्या एका कॉलेजात फिजिक्सचा डेमॉन्स्ट्रेटर होतो आणि स्वतःला शास्त्रज्ञ समजत होतो. लायब्ररीतल्या एका परदेशी मासिकात वाचलं, की सिलिकॉनच्या नखाएवढ्या तुकड्यावर म्हणे चित्र पकडता येतं, फिल्म लागतच नाही. लेखातलं निम्मं मला कळलं नाही. नेमकं तेच निम्मं महत्त्वाचं होतं.

कॉलेजच्या प्रदर्शनात असलंच काहीतरी मांडायचं मी जाहीर करून बसलो. काचेच्या जुन्या ट्रान्झिस्टरवरचा काळा रंग खरवडला, की त्याला उजेड कळतो, एवढं ठाऊक होतं. ब्लेडनं मी तीन फोडले. चौथा प्रयोगशाळेतल्या मामांनी, म्हणजे आमच्या हंगामी शिपायांनी, अलगद सोलून दिला. मग चार दिवस मी त्या एकुलत्या एका ट्रान्झिस्टरसमोर भिंग धरून चित्र कधी येतंय याची वाट पाहिली.

मामा पूर्वी चादरी विणायच्या मागावर कामाला होते. शेवटी त्यांनाच राहवलं नाही.

"सर, एका धाग्यात मोर येतो व्हय? आधी कागदावर चौकटी पाडतात की. मग कुठली भरली, कुठली रिकामी, एवढंच बघायचं."

मामांनी सोळा ट्रान्झिस्टर सोलले. चार-चारच्या ओळी लावल्या, मागे सोळा दिवे. इंग्रजी एल अक्षर कापलेला पुठ्ठा समोर धरून टॉर्च मारला, की दिव्यांत एल उमटायचा.

प्रदर्शनात प्राचार्य खूश झाले. मामांना कायम करायचं की नाही, हे त्याच आठवड्यात तेच ठरवणार होते. माझ्यासाठी एक शब्द टाका, असं मामांनी मला दोनदा सांगितलंही होतं.

"चौकटींची कल्पना कुणाची?" प्राचार्यांनी विचारलं. मामा शेजारीच टॉर्च धरून उभे.

"माझीच," मी म्हणालो. वर चादरीचा दाखलाही दिला.

मामा कायम झाले नाहीत. मागावर परत गेले. किल्ल्या द्यायला आले तेव्हा म्हणाले, "चादरीचं छान सांगितलंत, सर." मी यथावकाश लेक्चरर झालो.

आता लग्नघरी व्हिडिओ कॅमेरे फिरतात, त्यांत सिलिकॉनचा तोच तुकडा असतो. वर्गात कुणी विचारलं, की मी फळ्यावर चौकटी आखून चादरीतला मोर भरतो. सर, तुम्हाला सुचतं कसं, असं मुलं म्हणतात. मी विनयानं हसतो.

ते हसणं तेवढं माझं स्वतःचं.