ओंजळ धरायला मी बसले नाही

लग्नाच्या वर्षभरातच नवरा गेला. वडिलांच्या हातमागावर परत विणायला बसण्याऐवजी मी मिशनच्या दवाखान्यात काम धरलं. देश स्वतंत्र होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. मी एकोणीस वर्षांची होते.

त्या उन्हाळ्यात प्रार्थनाघराची भिंत रंगवायला गोव्याचा एक चित्रकार आला. भुकेल्याला भाकर, उघड्याला वस्त्र, तहानलेल्याला पाणी, अशी दयेची कामं त्याला चितारायची होती. संत त्याच्या पुस्तकात होते. गरीब मात्र समोर बसलेले हवे होते. दवाखाना चालवणाऱ्या मोठ्या सिस्टरनी मला धाडलं.

"खाली बसा, ओंजळ पुढे करा," तो म्हणाला. "चेहरा जरा दीन करा. संतीण तुम्हाला पाणी घालते आहे."

"साऱ्या वार्डाले मीच पाणी पाजून राहिली. मी काहून ओंजळ धरू?"

"अहो, चित्र आहे नुसतं."

"मी मरून जाईन, चित्र भिंतीवर राहीन. लोकं म्हणतीन, हे मांगणारी होती."

आमचं बोलणं ऐकून मोठ्या सिस्टर आत आल्या. परदेशी बाई, पण मराठी चांगलं शिकलेल्या. "बसण्यात कमीपणा नाही, मुली."

"मंग तुमीच बसा ना, सिस्टर."

त्यांचा चेहरा लाल झाला. त्या वळून निघून गेल्या. नोकरी गेली, असं धरूनच मी स्वयंपाकघरात येऊन कांदे चिरायला घेतले. माफी मागायची नाही, एवढं मात्र ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावणं आलं. प्रार्थनाघरात गेले, तर सिस्टर भिंतीला धरून जमिनीवर बसत होत्या. गुडघे दुखत होते त्यांचे. बसल्या आणि ओंजळ पुढे केली.

"घाल पाणी."

मी तांब्या उचलला. तीन सकाळी चित्रकार आम्हाला तसंच रंगवत होता. त्यांचे हात भरून यायचे. राहू द्या, असं मी एकदाही म्हटलं नाही.

चित्र पाहायला मिशनचे फादर आले आणि चिडले. "संतीण लुगड्यात? आणि सिस्टर खाली? बदला हे."

"रंग वाळला आहे, फादर, आता बदलता येत नाही," सिस्टर म्हणाल्या.

वाळला नव्हता. माझ्या बोटाला तो नुकताच लागला होता.

चित्र तसंच राहिलं. वॉर्डातल्या बाया मला आगाऊ म्हणायच्या. म्हणू देत. त्या दिवशीच्या बोलण्याची क्षमा मी कुणाकडे मागितली नाही, सिस्टरांकडेही नाही.